टाकी भरलेली, पान कोरं

इंकटँक प्रिंटरचं हेड चोक व्हायला लागलं की पानावर आडव्या पांढऱ्या रेघा येतात. ‘प्रिंटर लाइन मारतोय’ असं आपल्याकडे म्हणतात. इंग्रजी मजकुरात ती रेघ अक्षरांच्या पोटातून जाते आणि वाचणारा अंदाजाने शब्द लावून घेतो. देवनागरीत मात्र रेघ नेमकी शिरोरेषेवर आली की अख्खी ओळ डोक्यावाचून उरते. किंचित वर आली तर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार जातात. सातबाऱ्यावर क्षेत्राच्या आकड्यातला दशांशाचा ठिपका जातो आणि ०.८० हेक्टरचं काय समजायचं हे समोरच्या माणसावर अवलंबून राहतं. बँकेतला माणूस असं पान बाजूला सारतो आणि म्हणतो, ‘दुसरी प्रिंट आणा.’ शेतकरी वावीहून किंवा ठाणगावहून सकाळची एसटी धरून आलेला असतो. त्याची दुपार त्या एका रेघेपायी जाते.

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरमध्ये ही रेघ दुकानांपेक्षा घरांमध्ये जास्त दिसते, कारण इथली बरीच ऑफिसं घरातच आहेत. घरी बसून पोट भरण्याची रीत सिन्नरला कोरोनाने शिकवली नाही. हे विडीचं गाव. ओसरीवर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या कमाईवर इथल्या कितीतरी घरांतली मुलं शिकली. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, तेव्हा घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही त्याने कामगार मानलं. आज अशाच घरांच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आलाय. कुणी ऑनलाइन फॉर्म भरून देतं, कुणी जीएसटीची रिटर्न भरतं, कुणी विम्याचं काम करतं. शिकवणी घेणारे सर आठवड्याच्या परीक्षेचे पेपर घरीच काढतात. माळेगावच्या एमआयडीसीतल्या आणि मुसळगावच्या सहकारी वसाहतीतल्या कारखान्यांचं जॉबवर्क करणारा लहान उद्योजक दिवसा शेडमध्ये असतो आणि चलनं, बिलं रात्री घरी काढतो. या खोल्यांमध्ये टेबलाच्या कडेला चार रंगांच्या पारदर्शक टाक्यांचा प्रिंटर हमखास असतो.

तो का घेतला जातो हे समजून घ्यायला हवं, कारण घेणारे लोक हिशेबी असतात. काडतुसाचा प्रिंटर स्वस्त मिळायचा आणि शाई महाग पडायची. तीन-चार हजारांचं मशीन, आणि दीड-दोनशे पानांत काडतूस संपलं की सात-आठशे रुपये. त्यावर आपल्या लोकांनी उपाय काढला होता. इंजेक्शनच्या सुईने काडतुसात शाई भरायची, नाहीतर काडतुसाला भोक पाडून नळ्या जोडायच्या आणि प्रिंटरच्या बाहेर बाटल्या ठेवायच्या. आशियातल्या कितीतरी देशांत हेच चाललं होतं. एप्सनने २०१० साली इंडोनेशियात कारखान्यातूनच टाकी लावलेला प्रिंटर आणला आणि मग कॅनन, एचपी, ब्रदर असे सगळेच या वाटेने आले. मशीनची किंमत तिप्पट-चौपट झाली, शाई मात्र खरोखर स्वस्त झाली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत आकडे आले: काळी ४,५०० पानं, रंगीत ७,५०० पानं.

हे आकडे खोटे नाहीत. ते ठरलेल्या नमुन्याची पानं ठरलेल्या पद्धतीने छापून काढलेले असतात. पण ज्या घराला महिन्याला चाळीस पानं लागतात, त्या घरात ते कसे उतरतात ते बघा. महिन्याला ४० म्हणजे वर्षाला ४८०. काळ्या शाईची एक बाटली या वेगाने नऊ वर्षांहून अधिक पुरायला हवी. बाटलीवर मात्र वापरण्याची मुदत छापलेली असते आणि ती नऊ वर्षांची नसते. म्हणजे स्वस्त शाईचे पैसे आपण मशीनच्या किमतीत आधीच भरतो आणि ती शाई वापरून संपवण्याइतकं काम आपल्याकडे येत नाही. शिवाय नव्या मशीनबरोबर आलेल्या बाटल्यांतली बरीच शाई पहिल्याच दिवशी नळ्या आणि हेड भरण्यात जाते. म्हणून पहिली बाटली लवकर संपल्यासारखी वाटते.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. टाकीचा प्रिंटर रोज चालणाऱ्या कामासाठी स्वस्त आहे. सिन्नरच्या घरातलं काम रोज चालत नाही, ते लाटेने येतं. जूनमध्ये पीककर्जाचे कागद आणि शाळा-कॉलेजचे दाखले, जुलैमध्ये पीकविमा, मार्चअखेर हिशेब. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा फॉर्म भरून देणाऱ्यांच्या दारात पहाटेपासून बायका बसत होत्या आणि प्रिंटर रात्रीपर्यंत थांबत नव्हते. लाट ओसरली की तेच मशीन आठवडा-आठवडा झाकणाखाली पडून राहतं. बिघाड होतो तो या पडून राहण्याच्या दिवसांत.

हेड म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहिलं की कारण कळतं. शाई बहुतांशी पाणी असते. त्यात रंग, आणि ती लवकर वाळू नये म्हणून थोडी ग्लायकोलच्या जातीची रसायनं. ही शाई ज्या भोकांतून कागदावर पडते ती केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. खूप विकल्या गेलेल्या काही मॉडेलांत काळ्यासाठी अशी १८० भोकं आहेत आणि प्रत्येक रंगासाठी ५९. एका भोकातलं पाणी उडालं की तिथे रंगाची खपली धरते आणि पानावर एक रेघ कोरी राहते. सिन्नर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. तालुक्याचा पूर्वेकडचा भाग तर दुष्काळाच्या यादीत नेहमीचा. एप्रिल-मे महिन्यांत इथली हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचा ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत दुपारी प्रिंटरही त्याच हवेत असतो.

यावर कंपन्यांनी सोय केलेली आहे. काम संपलं की हेड एका टोकाला जाऊन रबरी टोपीवर बसतं. टोपी घट्ट बसली की हवा लागत नाही आणि शाई ओली राहते. पण हेड टोपीवर नीट बसल्याची खात्री मशीन स्वतःच्या बटणाने बंद केलं तरच असते. छपाई चालू असताना लाईट गेली की हेड मध्येच, उघडं, थांबतं. संध्याकाळी गेलेली लाईट कधीकधी सकाळीच येते, आणि तेवढा वेळ ती भोकं उघडी वाळत असतात. दुसरी गोष्ट आपल्या काटकसरीच्या सवयीची. रात्री झोपताना भिंतीवरच्या बोर्डाची बटणं बंद करायची हे आपल्या हाडात आहे. प्रिंटर चालू असतानाच बोर्डाचं बटण बंद केलं तर हेड टोपीवर बसेलच याची खात्री राहत नाही. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं. ते मॅन्युअल इंग्रजीत आणि बारीक टायपात असतं आणि खोक्याबरोबर माळ्यावर जातं.

रेघ दिसली की माणूस ‘हेड क्लीनिंग’ मारतो. एकदा, दोनदा, मग चिडून पाच-सहा वेळा. क्लीनिंग म्हणजे पंपाने चारही रंगांची शाई हेडमधून जोराने ओढून टाकणं. म्हणूनच वर्षभर एकही रंगीत पान न छापणाऱ्या घरात पिवळ्या-निळ्याच्या टाक्या उतरलेल्या दिसतात आणि लोक विचारतात, ‘मी तर काळंच छापतो, मग कलर गेला कुठं?’ कलर गेला मशीनच्या पोटातल्या नमद्यात. तळाशी एक जाड पॅड असतं, टाकाऊ शाई ते शोषून घेतं. मशीन प्रत्येक क्लीनिंगचा हिशेब ठेवतं आणि ठरलेला आकडा गाठला की थांबतं. दोन लाल दिवे आळीपाळीने लुकलुकतात. टाकी भरलेली असते, कागद लावलेला असतो, पान निघत नाही.

याला इथे ‘पॅड भरलंय’ म्हणतात आणि त्याचे दोन उपाय चालतात. सर्व्हिस सेंटरला जाऊन पॅड बदलून घ्यायचं, किंवा ओळखीच्या पोराकडून सॉफ्टवेअरने आकडा शून्यावर आणायचा. दुसरा उपाय स्वस्त आहे आणि तोच जास्त होतो. पण आकडा शून्यावर आणल्याने पॅड कोरडं होत नाही. ते धुतलं किंवा बदललं नाही तर काही महिन्यांनी प्रिंटरच्या बुडातून काळपट पाणी टेबलावर येतं आणि त्याखाली ठेवलेल्या फायलींची वाट लागते. फ्रान्समध्ये २०१५ साली वस्तूचं आयुष्य मुद्दाम कमी ठेवणं हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. २०१७ साली तिथल्या हॉप नावाच्या संघटनेने प्रिंटर कंपन्यांविरुद्ध त्याखाली तक्रार केली, त्यात याच पॅडचाही मुद्दा होता, आणि सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली. पुढे बऱ्याच नव्या मॉडेलांत हे पॅड घरच्या घरी काढून बदलता येईल अशा डबीत आलं. मशीन घेताना ही एक गोष्ट विचारली तरी पुढचा मोठा त्रास वाचतो, आणि दुकानात ती फारसं कुणी विचारत नाही.

सर्व्हिस सेंटर म्हणजे नाशिक. तीस किलोमीटर. टाकीचा प्रिंटर एवढ्या अंतरावर न्यायचा कसा, हा प्रश्न खोक्यावर कुठे छापलेला नसतो. मोबाइल खिशात घालून नेता येतो, हा आडवा करून चालत नाही. टाक्यांत शाई असते, नळ्यांत शाई असते, मशीन कललं की शाई झाकणाकडे आणि हेडच्या घराकडे धावते. काही जुन्या मॉडेलांना नळ्या बंद करायची कळ होती, ती फिरवायची आठवण कुणाला नसायची. ॲक्टिव्हावर पायांपाशी प्रिंटर ठेवून निघालेला माणूस मी नाशिक-पुणे रस्त्यावर पाहिला आहे. मोहदरी घाट उतरेपर्यंत त्याच्या पांढऱ्या पँटवर गुडघ्यापासून खाली निळं-गुलाबी झालं होतं. मशीन सर्व्हिस सेंटरला पोचलं तेव्हा मूळ बिघाड होता त्यापेक्षा मोठा झाला होता: टाकी रिकामी होत आली होती आणि नळ्यांत हवा शिरली होती. हवा काढायला पुन्हा जोराचं क्लीनिंग, म्हणजे पुन्हा शाई, पुन्हा पॅड.

आणि हेडच गेलं असेल तर? इथे मशीन-मशीनमध्ये फार फरक आहे. एप्सन आणि ब्रदर यांच्या पद्धतीत विजेने वाकणारा स्फटिक शाईचा थेंब ढकलतो. हे हेड टिकाऊ असतं, पण मशीनचाच भाग असतं आणि ते बदलणं घरचं काम नाही. कॅनन आणि एचपी यांच्या टाकीवाल्या बऱ्याच मॉडेलांत शाई क्षणभर तापवून बुडबुड्याने थेंब उडवतात. ते हेड झिजतं, पण झाकण उघडून हाताने काढता येतं आणि नवं घालता येतं. ज्या गावात कारागीर तीस किलोमीटरवर आहे तिथे मला दुसरी सोय मोलाची वाटते. बसवलेलं हेड बदलायचा खर्च ऐकून बहुतेक लोक नवीन मशीनच घेतात, आणि जुनं भंगारात चार-पाचशेला जातं. वॉरंटीतही एक ओळ असते: एक वर्ष किंवा ठरावीक पानं, यांतलं जे आधी होईल ते. बाहेरची शाई भरल्याने बिघाड झाला तर तीही मिळत नाही. सिन्नरमध्ये बाहेरची शाईच सहज मिळते.

पाण्याचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो मशीनपेक्षा कागदाचा आहे. या शायांतले रंग बहुधा पाण्यात विरघळणारे. काही मॉडेलांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या कणांची असते, ती बरी टिकते. बाकीच्यांत काळीसुद्धा विरघळणारी. घामाचा अंगठा लागला तरी पसरते. जीएसटीच्या नियमांप्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती निघतात आणि त्यातली दुसरी मालवाहतूकदाराची असते. जॉबवर्कच्या चलनाच्याही तीन. मुसळगावहून निघालेला टेम्पो जुलैमध्ये कसारा घाट उतरतो तेव्हा ती दुसरी प्रत ड्रायव्हरच्या ओल्या खिशात असते. भिवंडीला ती उघडली की शिक्का आणि मजकूर एकमेकांत गेलेले असतात. तिसरी प्रत आपल्या फायलीत राहते, आणि हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवायचे असतात. खिडकीजवळच्या रॅकमध्ये उन्हाने विटलेली बिलं मी पाहिली आहेत: रकान्यांच्या रेघा शाबूत, आकडे फिके.

स्टॅम्प पेपरवर तर चूक सरळ खिशाला लागते. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेच्या जागी बहुतेक कामांना किमान पाचशेचा मुद्रांक लागतो. भाडेकरार छापताना तिसऱ्या ओळीवर लाइन मारली की पाचशे रुपयांचा कागद हातात धरून बसायचं. त्यामुळे फॉर्म भरून देणाऱ्या एक ताई आधी साध्या कागदावर अख्खं पान काढतात, ते खिडकीच्या उजेडात धरून बघतात आणि मगच मुद्रांक लावतात. प्रत्येक कराराला एक पान जास्त. ते पान त्या गिऱ्हाइकाला लावत नाहीत.

बाकीचे त्रास लहान आहेत, पण रोजचे आहेत. कागद मागे उभा, उघड्यावर राहतो. समृद्धी महामार्गाची आणि रस्त्यांची कामं चालली तेव्हा धूळ त्या फटीतून आत जायची आणि रबरी रोलर गुळगुळीत होऊन ‘पेपर ओढत नाही’ सुरू व्हायचं. पावसाळ्यात कागद दमट होऊन दोन-दोन ओढले जातात. महिनाभर बंद मशीनमध्ये पाल किंवा झुरळ निघणं यात नवल राहिलेलं नाही. आणि वेग. दारात पंधरा माणसं उभी असताना एका मिनिटात आठ-दहा पानं हा वेग नसतो.

मग लेझर घ्यावा का? काळ्या मजकुराचं, लाटेने येणारं काम असेल तर माझं उत्तर हो असं आहे. लेझरची शाई म्हणजे प्लास्टिकची बारीक पूड. ती तापवून कागदावर वितळवून बसवतात. पूड वाळत नाही, कारण ती मुळात कोरडीच. तीन महिन्यांनी मशीन चालू केलं तरी पहिलं पान स्वच्छ येतं. पाण्याने पसरत नाही. १९३८ साली चेस्टर कार्लसन यांनी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागातल्या एका खोलीत कोरड्या पुडीने पहिली प्रत उमटवली. आपल्या गल्लीतलं झेरॉक्स आणि हा लेझर दोघेही तिथूनच आले. पण सिन्नरमध्ये लेझरची एक अडचण मोठी आहे. पूड वितळवायला तो क्षणभर काहीशे वॅट ओढतो. घरचा लहान इन्व्हर्टर तेवढ्याने कुरकुरतो, कधी बंदच पडतो. टाकीचा प्रिंटर दहा-पंधरा वॅटमध्ये छापतो, लाईट नसतानाही काम पुढे नेतो. रंगीत फोटो, ओळखपत्रं, शाळेचे प्रकल्प हे काम लेझरने होत नाही, किंवा रंगीत लेझर परवडत नाही. आणि ज्याच्याकडे रोज शंभर-दोनशे पानांचं काम आहे त्याच्यासाठी टाकीइतकं स्वस्त दुसरं काही नाही. शिकवणी घेणाऱ्या एका सरांचं मशीन चार वर्षांत एकदाही चोक झालं नाही, कारण ते रविवार सोडून रोज चालतं.

महिन्याला चाळीस पानं लागणाऱ्याने आणखी एक हिशेब करावा. बाहेर एका पानाला पाच रुपये धरले तर महिन्याला दोनशे. तेरा हजारांचं मशीन या दराने पाच वर्षांनंतर वसूल होतं, तेही शाई, पॅड आणि नाशिकच्या फेऱ्या न धरता. दुकान दूर असेल, रात्री अकराला चलन लागत असेल, तर घरी मशीन हवंच. ती गरज आहे आणि तिची किंमत द्यायला हरकत नाही. फक्त ती स्वस्त पानाच्या नावाखाली दिली जाऊ नये.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिने आधी घेतली. ट्रॅक्टरचा पार्ट गावात मिळावा हे ज्या शेतकऱ्याला पटतं, त्याचा सातबारा छापणाऱ्या मशीनचं पॅडही गावात मिळायला हवं. खोक्यावर ७,५०० पानांच्या शेजारी तेवढ्याच अक्षरांत आणखी काही छापलं गेलं पाहिजे: हेड काढता येतं की नाही, पॅड घरी बदलता येतं की नाही, काळी शाई पाण्याने पसरते की नाही, आणि मशीन न वापरता किती दिवस ठेवलेलं चालतं. हे मराठीत छापावं.

मुद्रांकाआधी साधं पान काढणाऱ्या त्या ताईंनी गेल्या वर्षी एक साधा लेझर घेतला. सातबारा, करार, उत्पन्नाचे दाखले त्यावर निघतात. टाकीचा प्रिंटर फोटो आणि रंगीत कामासाठी इन्व्हर्टरवर ठेवला आहे. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी त्यावर चारही रंगांच्या पट्ट्यांचं एक पान काढायचं काम दहावीतल्या मुलाकडे आहे, आणि रात्री बोर्डाचं बटण बंद करण्याआधी मशीनचं बटण दाबून हेड कोपऱ्यात गेल्याचा आवाज ऐकायचा, हेही. जूनमध्ये गर्दी झाली तेव्हा दोन्ही मशीनं एकाच वेळी चालली. बँकेतून एकही पान परत आलं नाही.